दर्यापुरात भाड्याचं घर, सगळं धरून सहा हजारांत: एका रविवारात काय काय पाहून घ्यावं?

झाडीची_लेक

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरीकडून दर्यापूर तालुक्यात नोकरीला येत आहोत. मी आरोग्यसेविका, उपकेंद्र दर्यापूरपासून ९ कि.मी. आत. यांचं काम मूर्तिजापूरला, आठवड्याचे सहा दिवस. दोघंच आहोत, मोटरसायकल एकच. भाडं, पाणी, वीज सगळं धरून महिना ६,००० पर्यंत झेपेल, अनामत १५,००० पर्यंत. दोन खोल्या आणि स्वतंत्र संडास-न्हाणीघर एवढीच गरज.

ओळखीतून तीन घरांचे फोटो आले आहेत.
(अ) जुन्या वस्तीत, तळमजला, वर मालक राहतात. भाडं ४,५००. नळ आहे.
(ब) गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये, तळमजला, बांधून दोन वर्षं. भाडं ३,५००. बोअर आहे.
(क) मोठ्या रस्त्याजवळ, दुसरा मजला, थेट स्लॅबखाली. भाडं ५,०००. नळ आहे, टाकी तीन बिऱ्हाडांत मिळून.

येत्या रविवारी एकच दिवस येणं जमेल. आमच्या झाडीकडे, म्हणजे पूर्व विदर्भात, कवेलूचं घर आणि विहिरीचं गोडं पाणी. इकडची काळी माती आणि खारं पाणी दोन्ही आम्हाला नवीन आहेत.

पूर्णाकाठ

ताई, भाड्याचा आकडा जरा बाजूला ठेवा आणि आधी पाणी विचारा. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला हा पट्टा, इथे जमिनीखालचं पाणीच खारं. नळाला येतं ते शहानूर धरणाचं, ते गोडं. त्यामुळे "पाणी भरपूर आहे" असं मालक म्हणाले तरी त्याला अर्थ नाही. कोणतं पाणी, कितव्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ, हे चारही विचारा. मालकाला नको, शेजारणीला विचारा.

मग टाकीचा हिशेब करा. दोघांना काटकसरीने दिवसाला २०० लिटर लागतं. मे महिन्यात मोठा कूलर दिवसाला ४० ते ६० लिटर पिऊन टाकतो, हे झाडीकडून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नळ चौथ्या दिवशी येत असेल तर ८०० अधिक २००, म्हणजे १,००० लिटरची टाकी एकट्या तुमच्या बिऱ्हाडाला लागते, आणि पाइपलाइन फुटली की तीही कमी पडते. (क) मध्ये तीन बिऱ्हाडं आहेत. सरासरी तीन माणसं धरली तर नऊ माणसांचं रोजचं ९०० लिटर. गच्चीवर १,००० लिटरची एकच काळी टाकी दिसली, तर ५,००० भाडं देऊनही तुम्ही बादल्याच भरत बसणार.

(ब) चं भाडं ३,५०० दिसतं, पण पिण्या-रांधण्याला रोज एक जार, २० ते २५ रुपये धरा, म्हणजे महिना ६०० ते ७५०. नव्या ले-आउटमध्ये नळाची लाइन पोचली आहे का तेही पाहा. "लवकरच येणार आहे" या उत्तराला नाही समजायचं.

कपाशीवाला_बावा

ताई, रविवारी येता तं दुपारी चार वाजता घरं पाहा. सकाळी कोणतंबी घर थंडगारच लागते. (क) वाल्या घरात जाऊन उभं राह्यलं का हात वर करून पाहा, स्लॅबची धग टाळूले लागते का नाई. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजेपर्यंत खाली आग ओकते.

अन् (ब) च्या ले-आउटात घराआधी रस्ता पाहा. आता उन्हाळ्यात सामानाचा टेम्पो दारापर्यंत जाते. मिरग बरसला का काळ्या मातीचा असा चिखल होते का मडगार्डात गोळा बसते अन् चाकच फिरत नाई. मुरूम किती टाकला हाय, नाली हाय का नाई, ते पाहा. तुम्हाले तं रातच्या बाळंतपणालेबी निंघा लागते. गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून गुडघाभर गाऱ्यातून चालत जासान का?

घर शोधाले दलाल कायले पाह्यजे? जारवाल्याले इचारा. कोणत्या घरचा जार बंद झाला ते त्याले सगळ्यांच्या आधी मालूम असते. दुसरा मेडिकलवाला, तिसरा शाळेचा ऑटोवाला. मे-जूनमधी बदल्या होतात, तवा खोल्या खाली होतात अन् तवाच झपकन भरतातबी. दिवाळीनंतर याल तं निवड कमी, पण भाव करता येते.

गवंडीकाम

वर पाण्याचं झालं, मी भिंतींचं सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला आणि प्लिंथ बीम (पायावर भिंतींखालून फिरणारी काँक्रीटची तुळई) नसला तर घर दरवर्षी वर-खाली होतं.

प्लास्टरवर केसासारख्या बारीक जाळीदार रेघा असतात, त्या सोडून द्या. पाहायची ती तिरपी भेग, खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून छताकडे जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याकडे निमुळती. रुपयाचं नाणं कडेने आत जात असेल तर तीच भेग भिंतीच्या दुसऱ्या बाजूने पाहा. आरपार असेल तर पाया हलतोय. उन्हाळ्यात अशी भेग उघडते आणि श्रावणात मिटते, म्हणून पावसाळ्यात घर पाहणारा फसतो. नुकताच एकाच भिंतीला रंग दिला असेल तर त्या भिंतीवर हात फिरवा, पुट्टी भरलेली जागा बोटांना लागते. दारं-खिडक्या सगळ्या लावून पाहा. कडीचं भोक नव्याने कानसून मोठं केलेलं असेल तर चौकट सरकलेली आहे.

दुसरं म्हणजे लोणा. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत प्लास्टर फुगलेलं, नखाने खरवडलं की पांढरी पूड पडते. खारी माती, त्यात बांधकामालाही बोअरचंच पाणी वापरलेलं. यावर रंग टिकत नाही, टाइल लावली तर ओल टाइलच्या वर चढते. लोणा असला म्हणून घर सोडू नका, पण कपाट आणि धान्याची कोठी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी लागेल. आणि घर सोडताना त्या भिंतीचे पैसे अनामतीतून कापायचे नाहीत, हे आधीच ठरवा.

तिसरं कोणी विचारत नाही ते म्हणजे संडासाचं पाणी कुठे जातं. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात शोषतच नाही. माती फुगून तिची छिद्रं बंद होतात, खड्डा तुडुंब भरतो आणि ऑगस्टमध्ये संडासाचं भांडं हळूहळू उतरायला लागतं, मग उलटं येतं. सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला आणि त्याचं वरचं पाणी नालीत सोडलंय की शोषखड्ड्यात, हे विचारा. (ब) ला नाली नसेल तर मी ते घर ३,००० ला पण घेणार नाही.

झाडीची_लेक

नाण्याची गोष्ट लक्षात ठेवते. पाणी तपासायला आमच्याकडे साबणाचा फेस पाहतात. फेस आला की पाणी हलकं. इथे तेवढं पुरेल का?

नळमीटर

नाही पुरणार. फेस न येणं हे जडपणाचं लक्षण, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं. पूर्णेच्या पट्ट्यातल्या खारेपणात सोडियमचे क्षार जास्त, त्यामुळे कधीकधी फेस छान येतो आणि पाणी तरी खारंच असतं. खिशात मावणारं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काही शे रुपयांत मिळतं, ते घेऊनच या. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. मीटर नसेल तर स्टीलच्या ताटलीत चमचाभर पाणी गॅसवर आटवा. गोड्या पाण्याचा पुसट डाग राहतो, खाऱ्याचं पांढरं कडं नखाने निघतं.

एक खोड लक्षात ठेवा. मालक स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवतात. संडास-न्हाणीचा नळ वेगळ्या टाकीवर, म्हणजे बोअरवर असू शकतो. दोन्ही नळांचं पाणी वेगवेगळं मोजा.

उकळून किंवा तुरटी फिरवून खारेपण जात नाही. आरओ लावाल तर एक भांडं शुद्ध पाण्यामागे दोन-तीन भांडी वाया जातात, ती वेगळ्या बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येतात. पण आरओ भाड्याच्या घरात भिंतीला ठोकण्याआधी विचारा.

वायरमन

विजेचं कोणी बोललं नाही अजून. (अ) मध्ये वर मालक आहेत, म्हणजे बहुतेक एकच महावितरणचं मीटर आणि तुम्हाला सबमीटर, म्हणजे फक्त तुमचा वापर मोजणारं मालकाचं खाजगी मीटर. त्यात दोन भानगडी.

पहिली दराची. घरगुती वापरात १०० युनिटपर्यंतचा दर आणि त्यापुढचा दर यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर आली की युनिट एकत्र मोजले जातात आणि तुमचे ७० युनिटसुद्धा वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. कूलरचा पंखा आणि पंप मिळून २०० वॅट धरा. १२ तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२. म्हणजे कूलरच्या दिवसांत स्वतंत्र मीटर असलेलं घर भाड्याने ३०० रुपये महाग असलं तरी परवडतं. सबमीटर असेल तर युनिटचा दर आणि त्यात स्थिर आकार धरला आहे की नाही, दोन्ही करारात लिहून घ्या.

दुसरी मीटरची. घरातलं सगळं बंद करून सबमीटरचा लाल दिवा पाच मिनिटं पाहा. लुकलुकत राहिला तर तुमच्या लाइनवर दुसऱ्याचं काहीतरी आहे, बहुतेक जिन्यातला दिवा किंवा पाण्याची मोटर. मग बादलीत पाणी भरून १,००० वॅटचा रॉड लावा. मीटरवर '३२०० इम्पल्स' (एका युनिटला ३,२०० वेळा लुकलुक) लिहिलं असेल तर दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर त्याहून कमी भरतील, ते ठीक. सत्तरच्या पुढे गेले तर मीटर पळतंय. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पूर्णाकाठ

वायरमन भाऊ, अर्थिंगचं राहिलं.

वायरमन

हो, ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. पत्र्याचा कूलर, खारं पाणी आणि ओला हात, इथे शॉक लागायला एवढंच पुरतं. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं नाही, पुष्कळ घरांत तिसऱ्या पिनेला तारच नसते. स्थानिक वायरमनला शंभर-दोनशे देऊन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्टलॅम्प लावून घ्या. बल्ब भक्क पेटला तर ठीक, मिणमिणला तर अर्थिंग नावापुरतं. हे स्वतः करू नका. काळ्या मातीची गंमत अशी की उन्हाळ्यात ती आकसून अर्थिंगच्या सळईपासून सुटते, म्हणजे नेमकं कूलरच्या दिवसांतच अर्थिंग कमजोर होतं. मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. मालक तयार असतील तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, खर्च निम्मा-निम्मा.

कूलरला बोअरचं पाणी घालाल तर ताट्यांवर (कूलरच्या बाजूंच्या गवती जाळ्यांवर) पांढरं कवच चढतं, वारा अडतो आणि पंप जाम होतो. एक दिवसाआड टाकी पूर्ण रिकामी करायची, नुसतं वरून पाणी घालत राहायचं नाही. खिडकीबाहेर कूलर ठेवायला लोखंडी घोडा आहे का, की नवीन करावा लागेल, तेही पाहून ठेवा.

झाडीची_लेक

(क) च्या मालकांशी फोनवर बोलणं झालं. म्हणाले, "अकरा महिन्यांचा नोटरी करून देतो, नोंदणीची गरज नसते." हे बरोबर आहे का? यांना ऑफिसमध्ये पत्त्याचा पुरावा द्यायचा आहे.

अर्जनवीस

बरोबर नाही. अकरा महिन्यांचा समज सगळीकडे आहे, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत किती का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला हे वाक्य शांतपणे वाचून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. नोंदणी त्यांच्याच फायद्याची आहे.

खर्चाची भीती मोठी असते, आकडा लहान असतो. (अ) चं उदाहरण घ्या. ४,५०० गुणिले ११ म्हणजे ४९,५००. अनामत १५,००० वर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं मानीव व्याज १,३७५. बेरीज ५०,८७५, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे हिशेबाने १२७ रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी वेगळी, ती आधी ठरवा आणि निम्मी-निम्मी वाटून घ्या. दोन्ही पक्षांचे आधार, दोन साक्षीदार आणि अंगठ्याचं यंत्र एवढंच लागतं.

करारात छापील मजकुराच्या पुढे हे हाताने भरून घ्या: घर सोडल्यावर अनामत किती दिवसांत परत, नोटीस दोन्ही बाजूंनी एक महिना, सबमीटरचा आजचा आकडा, टाकी धुण्याचा आणि सेप्टिक उपसण्याचा खर्च कोणाचा, रंगाचे पैसे कापणार का. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहू नका. कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट रक्कम मागू शकतो. भाडं यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा.

सिस्टर_वऱ्हाड

ताई, घर ठरवण्याआधी तुमच्या नोकरीची बाजू पाहून घ्या. आपल्याला मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याचं बंधन आहे. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागतात. उपकेंद्राला निवासस्थान असेल आणि राहण्याजोगं असेल, तर दर्यापूरचं भाडं भरूनही भत्ता अडकू शकतो. म्हणून रविवारी पहिली चक्कर उपकेंद्राच्या गावी. निवासस्थान मोडकळीला आलं असेल तर फोटो काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी "पाहू नंतर" वर थांबू नका.

कपाशीवाला_बावा

मंग मूर्तिजापुरालेच काहून राहत नाई? रेल्वे हाय, मोठी बाजारपेठ हाय.

पूर्णाकाठ

दोघांपैकी एकाला रोज पूर्णा ओलांडावीच लागणार. दर्यापूर ते मूर्तिजापूर पंचवीस-तीस किलोमीटर. पंचवीसच धरले तरी जाऊन-येऊन ५०, महिन्याचे २५ दिवस, १,२५० कि.मी. गाडी लिटरला ५० देते धरलं तर २५ लिटर. शंभरच्या वरचा भाव धरा, अडीच हजारांच्या पुढे जातं. एसटीचा मासिक पास याच्या शेजारी ठेवून पाहा. शकुंतला, ती जुनी छोटी रेल्वे, चालू असती तर हा प्रश्नच नव्हता, मूर्तिजापूर-अचलपूर लाइनवर बनोसा स्टेशन दर्यापुरातच. आता तिथे रुळांत गवत आहे.

पण मूर्तिजापुरात राहिलं तर ताईंना पस्तीसेक किलोमीटर, आणि गाडी एकच. सिस्टरचं काम वेळी-अवेळी, साहेबांचं ठरल्या वेळेचं. ज्याची वेळ ठरलेली त्याने एसटीने जावं, गाडी ताईंकडे राहू द्यावी. म्हणून दर्यापूर, आणि त्यातही एसटी स्टँडला पायी जाता येईल असं घर. हा खर्च तुमच्या सहा हजारांत धरलेला दिसत नाही.

झाडीची_लेक

धरला नव्हता. मग (ब) आमच्याकडून बाद. (अ) आणि (क) उरले. (अ) च्या मालकीणबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या समाजाचे?" दुसरा, "मांस-मच्छी करता का?"

कपाशीवाला_बावा

इचारतेतच. दुसऱ्याचं उत्तर खरं सांगा, लपवून घेतलेल्या घरात मासोळी तळता येत नाई अन् झाडीच्या माणसाले तेवढ्यासाठी जीव तुटते. पहिल्याचं उत्तर द्यायचं का नाई ते तुमच्यावर हाय. तेवढ्यावरूनच नाई म्हणणाऱ्याच्या घरी वर्षभर जिना चढा-उतराले मजा नाई.

गवंडीकाम

(क) घेणार असाल तर स्लॅबचा इलाज मालकाशी आधीच बोला. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल, आणि झाडून धुतलेल्या गच्चीवर दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा. फेब्रुवारी संपता संपता करायचं, पावसाळ्यात तो धुऊन जातो. त्याच्या वर दोन फूट अंतर ठेवून हिरवी जाळी ताणली तर आणखी फरक पडतो. जाळी स्लॅबला टेकली तर उपयोग नाही, मधून वारा वाहिला पाहिजे. तुराट्या पसरणारे आहेत, पण शेजारच्या फटाक्याची एक ठिणगी पुरते.

(अ) मध्ये हा त्रास नाही, वरचा मजला ऊन खातो. तिथे फक्त लोणा आणि तिरपी भेग पाहा. दोन्ही घरांत नळ आहे म्हटल्यावर माझं मत (अ) ला.

नळमीटर

माझं मत टाकी पाहिल्याशिवाय कोणालाच नाही. (अ) मध्ये मालक वर राहतात, म्हणजे खालच्या नळाला दाब चांगला, पण टाकीचा व्हॉल्व्ह कोणाच्या हातात? गच्चीवर जाऊन पाहा. दोन मजल्यांना दोन वेगळे पाइप आणि दोन व्हॉल्व्ह असतील तर बरं. एकच पाइप असेल तर वरच्यांनी व्हॉल्व्ह बंद केला की तुमचा नळ कोरडा. आणि नळ येतो त्या वेळी तुम्ही दोघंही कामावर असाल. जमिनीतल्या टाक्यात पाणी आपोआप पडतं की कोणीतरी तोटी उघडावी लागते, हे विचारा. तोटी असेल तर टाकं भरलं की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा बॉलकॉक बसवून घ्या, तोही साठ-सत्तर रुपयांचा प्लॅस्टिकचा नाही, पितळी. प्लॅस्टिकचा बॉलकॉक क्षार बसून सहा महिन्यांत अडकतो.

झाडीची_लेक

टीडीएस मीटर मागवलं. रविवारचा क्रम असा धरते: सकाळी उपकेंद्र, दुपारी (अ), चार वाजता (क), मग दोन्हीकडच्या शेजारणी. रॉड, रुपयाचं नाणं आणि स्टीलची ताटली पिशवीत टाकली आहे.

वायरमन

दोन पिनांचा टेस्टरही टाका. आणि रॉडला तीन पिनांचाच प्लग आहे ना, पाहून घ्या.